नववी खूण

“उंची पाच फूट तीन इंच,” कारकुनानं वाचलं.

“जुळतं,” ती म्हणाली.

“केस काळे. खांद्यापर्यंत.”

“जुळतं.”

कारकुनानं कागदावर बरोबरची खूण केली. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीतली ही खोली एरवी मोडकी कपाटं ठेवायची असावी. चार दिवसांपूर्वी बस पुलावरून नदीत गेली, तेव्हा कपाटं भिंतीला सरकवून इथे टेबल मांडलं होतं. पाण्यातून काढलेले चेहरे दाखवण्यासारखे उरले नव्हते. म्हणून आधी नऊ खुणा कागदावर ताडायच्या आणि जुळल्या तरच आतलं दार उघडायचं, असं ठरलं होतं.

लेक त्या बसमध्ये चढली होती की नाही, हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा फोन लागत नव्हता. पण आईशी वाजलं की आठवडा आठवडा फोन बंद ठेवायची तिची खोडच होती, आणि गेल्या रविवारी मायलेकींचं चांगलंच वाजलं होतं. एरवी ती वडिलांना तरी गुपचूप फोन करायची. या वेळी तोही आला नव्हता. त्याचा विचार आईनं मुद्दामच केला नव्हता.

“तूच जा आत,” नवरा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला होता. “माझ्यानं नाही व्हायचं. तू नीट ताडून बघशील.”

खरं होतं ते. ताडून बघणं हाच तिचा धंदा. मेमरीचे दोन ब्लॉक तंतोतंत सारखे आहेत का, हे कॉम्प्युटरला कमीत कमी वेळात कसं ओळखता येईल, यावर तिनं तीस वर्षं घालवली होती. एकेक बाइट बघत बसलं तर दिवस मावळायचा. तिचा कोड एका घासाला बत्तीस बाइट उचलायचा आणि शेवटी उरलेली शेपटी तेवढी एकेक करून बघायचा. ऑफिसात तिला सगळे तराजूबाई म्हणत. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांचा तिला भारी राग. शेवटच्या शितापर्यंत गेल्याशिवाय ‘सारखे’ म्हणायचं नाही. ‘वेगळे’ म्हणायला मात्र एकच शीत पुरतं. फरक दिसला की तिथेच थांबायचं, पुढचं बघायचंसुद्धा नाही. सगळा वेग त्यातच होता. आणि दिलेल्या दोहोंपैकी एखादा ब्लॉक शिळा असला तर? तो देणाऱ्याचा दोष, ताडणाऱ्याचा नव्हे, असं ती ठणकावून सांगायची.

आज मात्र तिला फरकच हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

“उजव्या गुडघ्यावर जुना व्रण.”

सायकल. सात वर्षांची होती तेव्हा. “जुळतं.”

“अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं.”

अपेंडिक्स काय, गल्लीत दहाजणींचं निघतं, असं तिनं मनाला बजावलं. “जुळतं.”

“दोन्ही कानांना दोन-दोन भोकं.”

दुसरी भोकं पाडून लेक घरी आली त्या दिवशी तिनं आकाशपाताळ एक केलं होतं. अंगाची चाळणी करून घे आता, असं काहीबाही बोलली होती. नवऱ्याला ते आठवडाभर आधीच माहीत होतं, हे नंतर कळलं. बापलेकीचं गुळपीठच तसं होतं.

“जुळतं.”

सहावी जुळली. सातवीही जुळली. आठवीला कारकून म्हणाला, “नखं मुळापर्यंत कुरतडलेली.” त्या बोटांवर तिनं किती चापट्या मारल्या होत्या! तिनं नुसती मान हलवली.

कारकुनानं पान उलटलं. “शेवटची. डाव्या खांद्यामागे टॅटू. एक आडवी काडी, तिच्या दोन टोकांना दोन...”

“थांबा!” ती ताडकन उभी राहिली. “टॅटू? माझ्या मुलीच्या अंगावर टॅटू नाही. कुठेच नाही.”

“ताई, आठ जुळल्यात. जरा बसा. पूर्ण ऐकून तर घ्या.”

“एक जरी वेगळं निघालं तरी दोन्ही वेगळे. तीस वर्षं हेच करतेय मी.”

कारकुनानं पेन उचललं, पण फुली मारली नाही. तो वर पंख्याकडे बघत राहिला.

ती तोवर दारापर्यंत पोचलीही होती. तिचा जीव भांड्यात पडला होता. आत कुणाची तरी पोर होती, कुणाच्या तरी काळजाचा तुकडा, आणि आपल्याला आनंद होतोय याची तिला लाज वाटली. पण आनंद लाजेला जुमानत नव्हता. आता लेकीचा फोन आला की आधी माफी मागायची, कानांबद्दलसुद्धा, असं तिनं चालता चालता ठरवून टाकलं.

नवरा बाकावर तसाच बसला होता. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

“अहो, आपली नाही ती! उठा. तिच्या अंगावर टॅटू आहे!”

तो उठला नाही. त्याचे हात तिच्या हातात गार पडत गेले.

“डाव्या खांद्यामागे?” त्यानं विचारलं.

ते तिनं सांगितलंच नव्हतं.

“तराजू आहे ना गं तो?” तो म्हणाला. “तुझ्या वाढदिवसाला दाखवणार होती. आईचाच तराजू आहे म्हटल्यावर आई ओरडणार नाही, म्हणाली होती.”