पूर्ण दाबानं तपासणी

आग विझवायच्या यंत्रणा तपासायचं कंत्राट घेता घेता प्रणितची पंधरा वर्षं गेली. पण "चहा घ्या, कागदावर सही करा" यापलीकडे पनवेलच्या एकाही गोदामवाल्यानं त्याला जाऊ दिलं नव्हतं.

परवा मात्र पनवेलजवळच्या पळस्प्याच्या गोदामवाल्या जगनशेठचा स्वतःहून फोन आला. "सायेब, बुधवारीच या. पाईप जोडून पुऱ्या दाबानं पानी सोडा. दोन तास लागले तरी चालंल."

कुणाला तरी एकदाची आगीची भीती वाटली म्हणायची! प्रणित बुधवारी सकाळीच पोचला, पाईप जोडला आणि फवारा सोडला. पाणी थेट गोदामाच्या पत्र्यावर गेलं.



"तिकडं नको सायेब, इकडं मारा," साबण लावून उभ्या केलेल्या अकरा ट्रेलरांकडे बोट दाखवत जगनशेठ म्हणाले, "उद्या दसरा हाय ना!"