आत्ता पाहत आहेत : दोन

चित्र पुन्हा अडकलं. नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं आणि तिच्या नाकावर पांढरं चक्र गरगर फिरायला लागलं.

"झालं," साहेब म्हणाले आणि त्यांनी रिमोट सोफ्यावर आपटला.

साहेब म्हणजे निवृत्त वजन-मापे निरीक्षक. नोकरी सुटून वर्ष झालं तरी 'साहेब' ही हाक सुटली नव्हती. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि घरी सहाशे चाळीस चित्रपटांच्या डिस्क जमवल्या. प्रत्येकीवर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात क्रमांक. निवृत्त झालो की हे सगळं एका कॉम्प्युटरवर चढवायचं, तो टीव्हीला जोडायचा आणि खुर्चीतून न उठता हवा तो चित्रपट लावायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चढवण्यातच चार महिने गेले. कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवला. ती मोकळीच होती. तीन वर्षांपूर्वी मुलगी आपल्या मनाने लग्न करून गेली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "हा विषय संपला." त्यानंतर घरात तो विषय खरोखरच कोणी काढला नव्हता.

आता सगळं जोडून महिना झाला होता आणि एक चित्रपट धड शेवटपर्यंत पाहून झाला नव्हता. साहेबांनी केबल बदलली. वायफायचा डबा बदलला. कॉम्प्युटरला हवा लागावी म्हणून त्याच्याशेजारी टेबलफॅन लावला. चक्र फिरतच होतं.

तिसऱ्यांदा बोलावल्यावर कॉम्प्युटरवाला आला. त्याने बराच वेळ खटाखट बटणं दाबली आणि एक पान उघडलं.

"हे बघा साहेब. 'आत्ता पाहत आहेत : दोन.' एक तुमचा टीव्ही. दुसरं कोणीतरी बाहेरून बघतंय. मशीन जुनं आहे, दोघांना पुरवताना त्याची दमछाक होते."

"बाहेरून म्हणजे?"

"इंटरनेटवरून. पासवर्ड असला की कुठूनही बघता येतं."

"पासवर्ड तुला, मला आणि हिलाच माहीत आहे."

कॉम्प्युटरवाल्याने स्वयंपाकघराकडे एकवार पाहिलं आणि वायर गुंडाळायला घेतली. "मी बाहेर कुणाला दिलेला नाही, एवढं सांगतो. बदलून टाकू का?"

"नको. आधी कोण आहे ते कळू दे."

चोर रंगेहाथ धरायचा, ही नोकरीतली खोड. साहेब रोज त्या पानावर नजर ठेवून बसायला लागले. दुसऱ्या बाजूला कुठलासा टॅब होता, इतकंच तिथे दिसायचं. तो दुपारी साडेबाराला यायचा आणि संध्याकाळी साडेसातला, नेमका साहेबांचा चित्रपट रंगात आलेला असताना. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचा. आणि बघायचा काय, तर दर वेळी क्रमांक दोनशे बारा. बदकाच्या पिल्लाचं कार्टून. तेही रोज पहिल्यापासून.

सहाशे चाळीस चित्रपट हाताशी असताना हा इसम बदक बघत होता. साहेबांना चोरीइतकाच त्याच्या आवडीचाही राग आला.

संशय वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरवर गेला. त्याच्या दवाखान्यात लहान मुलं यायची. साहेब जिना चढून गेले.

"तुमच्याकडे टॅब आहे?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "का?"

"टीव्ही?"

"तोही नाही. बसा ना. तुमची ती दाढ अजून दुखते का?"

साहेब दाढ दाखवून खाली आले. आता डोकंही दुखत होतं.

"सोडून द्या ना," बायको डाळ निवडता निवडता म्हणाली. "बघत असेल कोणी. आपलं काय जातं?"

"माझं चित्र अडकतं."

"मग तेवढ्या वेळात तुम्ही जेवून घेत जा."

"माझ्या घरात, माझ्या मशीनवर, मी चोराच्या सोयीने जेवू?"

तिने ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर टीव्ही चालू ठेवून बारा वाजल्यापासूनच मागच्या खोलीत ठाण मांडून बसले. चोर कोण ते कळायचं तेव्हा कळो, आता त्यांचा धीर सुटला होता. बारा बत्तीसला एकाचे दोन झाले. दोनशे बारा. बदक.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याने दाखवलेलं बटण दाबलं. 'हे उपकरण कायमचं बंद करायचं का?' असा प्रश्न आला.

"हो," साहेब मोठ्याने म्हणाले आणि पुन्हा दाबलं.

दोनाचा एक झाला.

ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. नायिकेने अडकलेलं वाक्य पूर्ण केलं, पुढचंही बोलली, रडली, गाडीत बसून निघून गेली. चक्र एकदाही आलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच साहेबांनी पाय लांब केले.

स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. ती हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. मग बाहेर आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. फोन तिने छातीशी धरला होता.

"बाजूला हो. दिसत नाही."

"ते परत चालू करा," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत या आवाजात ती कधी बोलली नव्हती. साहेबांनी चित्र थांबवलं.

"काय चालू करू?"

"बदक. ते समोर असल्याशिवाय घास घेत नाही तो."

"तो कोण?"

तिने फोन पुढे केला. त्यातून बारीक, हट्टी रडणं ऐकू येत होतं.

"तुमचा नातू."