दिवसाचा दिवा

नागापूरच्या कारखान्यात लागलेल्या मच्छिंद्रला बनुबाईंनी खोली भाड्यानं दिली, तेव्हा एकच अट घातली होती. "दोन्ही घरांना मीटर एकच हाय. दिवसा दिवा लावायचा न्हाई."

ऐन थंडीत त्याची बायको सुभद्रा आठव्याच महिन्यात बाळंत झाली. दवाखान्यातून घरी आणलेलं बाळ इवलंसं होतं आणि त्याचे हातपाय सारखे गार पडत. सुभद्रानं छताचा बल्ब वायरीसकट खाली ओढून बाळाला ठेवलेल्या टोपलीवर टांगला आणि दार लावून घेतलं. बल्ब रात्रंदिवस जळत राहिला.

एका दुपारी मीटरची चकती भराभरा फिरताना पाहून बनुबाई तरातरा आत आल्या. त्यांनी दिवा पाहिला, वाकून टोपलीत पाहिलं आणि तशाच मागं फिरल्या.

मच्छिंद्र कामावर होता. आता खोली सोडावी लागली, तर या थंडीत बाळाला घेऊन कुठं जायचं, हा विचार सुभद्राच्या डोक्यातून जाईना.

थोड्या वेळानं बनुबाई परत आल्या. स्वतःच्या घरातला बल्ब त्यांनी काढून आणला होता.

"मावशी, बिलाचं आमी..."

"बिलाचं ऱ्हाऊ दे. चाळीसच्या दिव्यानं काय ऊब येती? हा शंभरचा हाय, हा लाव."

तिन्हीसांजेला बाळ पहिल्यांदाच खणखणीत रडलं. सुभद्रा कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून बसली.

पलीकडं अंधारात चूल पेटवणाऱ्या बनुबाई तिथूनच म्हणाल्या, "रडू दे गं त्याला. लई चांगलं रडतंय."