घरचा फोन

साखरेने शिंपीकाकांची बोटं इतकी बधिर करून टाकली होती की सुई टोचली तरी रक्त दिसल्यावरच कळायचं.

डायलिसिससाठी डॉक्टरांनी त्यांच्या मनगटापाशी एक शीर धमनीला जोडून दिली होती. ती चालू असली की आत भुंगा अडकल्यासारखी गुणगुणायची. ती गप्प झाली की मशीनला लावायला हातच नाही. बोटांना काही ते जाणवेना. म्हणून काकू रोज सकाळी त्यांच्या मनगटाला कान लावायच्या, त्यांचं गार कानातलं टोचायचं, आणि लगेच म्हणायच्या, "चालू आहे हो गिरणी. उठा आता."

काकू गेल्यापासून काका स्वतःच मनगट कानाला लावत. डायलिसिसला गेले की तिथली नर्स चिडवायची, "काय काका, कोणाचा फोन?"

"घरून आहे. पण तिकडून कोणी बोलतच नाही."

आज सकाळी त्यांनी मनगट कानाला लावलं. भुंगा गप्प. कूस बदलून पुन्हा लावलं. काहीच नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तसंही ते दिवसाला मोजूनच मिळायचं.

नर्सला फोन करून कळवायला म्हणून ते उठणार, तोच शेजारची रिकामी उशी हळूच दबली. मनगटावर काहीतरी गार टोचलं. नेमकं त्याच जागी.

काका हलले नाहीत. श्वास धरून ऐकत राहिले.

कान बराच वेळ मनगटावर टेकून होता. आणि ‘उठा आता’ असं काही कोणी म्हणेना.