सपाट डोक्याचा पिस्टन

"यातला जोरात पळवनारा कुठला?" कमळीने विचारलं.

टेबलावर दोन नवे पिस्टन खोक्यातून काढून ठेवलेले होते. वालीवच्या या गॅरेजात बायका सहसा येत नसत, आणि पिस्टन निवडायला तर कधीच नाही. अँथनी मेस्त्रीने पाना खाली ठेवला.

"हा, डोक्यावर उंचवटा आहे तो. आतला दाब वाढतो, गाडी चवताळून पळते. दुसरा सपाट डोक्याचा. तो गरीब. टिकेल खूप, पण वेग बेताचाच."

"आनि कंपनीचा?"

"तुमच्या एटीव्हीला कंपनीचा आता मिळतच नाही, वहिनी. बाहेरचाच घालायचा. ब्लॉक आतून कोरून, बोअर होऊन आलाय आणि हे दोन्ही त्याच मापाचे आहेत. इंजिन पुन्हा जोडून बंद केलं की आत कुठला गेला, कोणाच्या बापाला कळायचं नाही."

कमळीला नेमकं हेच ऐकायचं होतं.

"मग सपाटवाला घाल. आनि प्रितेशला सांग, उंचवट्याचा घातला."

अँथनीने उंचवट्याचा पिस्टन उचलून परत खोक्यात ठेवला. "बरं," एवढंच तो म्हणाला.

कमळी तासभर विनवण्या करायच्या तयारीने आली होती. त्यासाठी वाडीतल्या केळ्यांची एक चांगली फणीही पिशवीत आणली होती. इतक्या पटकन होकार मिळाल्यावर तिला उगीचच चुकल्यासारखं झालं. केळी ठेवून ती निघाली.

कळंबच्या किनाऱ्यावर तिचा मुलगा प्रितेश पर्यटकांना एटीव्हीवरून, म्हणजे वाळूत पळणाऱ्या जाड चाकांच्या उघड्या गाडीवरून, फिरवायचा. तिथेच दुसरी एटीव्ही चालवणाऱ्या रॉकीने एकदा चारचौघांत त्याला डिवचलं, "तुझं इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकतं रे!" प्रितेशही बोलून गेला, नाताळाआधीच्या रविवारी होऊन जाऊ दे शर्यत. शब्द गेला तो गेला. इंजिन खरंच धूर ओकत होतं, म्हणून ते अँथनीकडे उघडायला आलं.

गेल्या वर्षी अशाच शर्यतीत वाळूच्या चढावर एक एटीव्ही उलटली होती. तिच्याखाली आलेला पोरगा अजून काठी घेऊन चालतो. बाजारात जाता-येता कमळीला तो दिसायचा, आणि दर वेळी ती वाट बदलून जायची.

मग सरळ "जाऊ नको" का नाही म्हणायचं? तर कमळीच्या घरात तसं म्हणायची रीत नव्हती. निघालेल्या माणसाला टोकायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. 'पडशील' म्हटलं की माणूस पडतो. त्यामुळे प्रितेशने शर्यतीचं सांगितलं तेव्हा तो चढ डोळ्यांसमोर आलेला असतानाही तिच्या तोंडून निघालं, "जिंकूनच ये, बाबा!"

आणि भीती वाढत गेली तसं तिचं शुभ बोलणंही वाढत गेलं. भाजी विकताना ती गिऱ्हाइकांना सांगे, यंदा कप आमचाच. गावदेवीला नारळाचं तोरण बोलून झालं. शेजारच्या जिजाला पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली. तिचा नवरा हरेश्वर सगळ्याला मान डोलवायचा आणि वाडीत पाणी सोडायला निघून जायचा.

तेव्हा पोराचे हातपाय शाबूत राहायचे तर गाडीच मंद करायची, असा हिशेब तिने केला होता. हरेल, चार दिवस तोंड पाडून बसेल, पण घरी तर येईल.

हिशेब बरोबर होता, पण गॅरेजातून आल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कालवणात दोनदा मीठ पडलं. भाजीच्या जुड्या बांधताना दोरा तुटत राहिला. प्रितेशचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. सकाळी लवकर उठून तो किनाऱ्यावर जायचा आणि नुसता त्या चढाकडे बघत उभा राहायचा. एवढा ध्यास घेतलाय पोराने, आणि आपण त्याच्याच पायाखाली खड्डा खणलाय, असं तिच्या मनात यायचं. रॉकी फिदीफिदी हसेल, गाव हसेल. आईच वैरीण झाली तर पोराने जायचं कुठे?

मग काठीवाला पोरगा आठवायचा. की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तिने भाजीची पाटी जिजाच्या ताब्यात दिली आणि रिक्षा करून वालीव गाठलं.

इंजिन एटीव्हीत बसवून झालं होतं. अँथनी शेवटचे बोल्ट आवळत होता.

"खोल ते," कमळी दारातूनच म्हणाली. "उंचवट्याचा घाल. माझंच चुकलं. हरला तर पोरगा मोडून जाईल रे."

"राहू द्या, वहिनी."

"राहू द्या कसं? तूच म्हनालास ना, दोन्ही एकाच मापाचे?"

"मापाचं काही नाही."

"मग कशाचं? काय तो जास्तीचा खर्च मी देईन. पन माझ्या पोराची मान खाली जायला नको."

अँथनीने फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी त्याला. पण आता तुम्ही इंजिन उघडायलाच सांगताय, तर बोलावंच लागेल. त्या दिवशी तुमच्या आधी प्रितेश येऊन गेला होता. सपाटच घाल म्हणाला."

कमळी दारातून आत आली. "प्रितेश? तो कशाला असं सांगेल?"

"घाबरलाय तो. रॉकीने तर शर्यतीचं कधीच सोडून दिलंय, हसून मिटवू म्हणतोय. प्रितेशला म्हटलं मी, मग मिटव की. तर म्हणाला, माझ्या आईला कोण सांगणार? आमच्या घरात या शर्यतीची हौस फक्त तिलाच आहे."