शेवटचा डबा

शेवटच्या आजारपणात आईनं सूपचे पंचवीस डबे भरून फ्रीझरमध्ये रचले होते. "मी गेले की तुम्ही दोघं उपाशी मराल," म्हणाली होती. चोवीस डबे आम्ही संपवले. पंचविसाव्याला बाबा आठ महिने हात लावू देत नव्हते. आज सकाळी फ्रीज बंद पडला. डबा ओट्यावर ठेवत मी म्हटलं, "बाबा, आज खाल्लं नाही तर फेकावं लागेल." ते उठून बाहेर आमच्या नर्सरीत गेले. तिथे एक बाई भोपळ्याचं रोप घेऊन भांडायलाच उभी होती. "खालची दोन्ही पानं सुकली बघा! रोगट माल देता होय?" बाबांनी वर्षानुवर्षं पाठ झालेलं उत्तर सुरू केलं. "ती बीमधलीच पानं, ताई. रोपाला स्वतःचं कमावता येईपर्यंतची शिदोरी असते त्यांत. रोपानं ती खाल्ली, म्हणून सुकली. खाल्लीच नसती तर..." एवढं बोलून ते अडखळले. "तर काय?" बाईनं विचारलं. "तर रोप जगलं नसतं," म्हणाले, आणि तिला तिथंच सोडून आत आले. मातीचे हात धुतले. "गरम कर." मी सूप दोन वाट्यांत ओतलं. नेहमीसारखंच मीठ कमी होतं. त्यावरून तीस वर्षं आईशी कटकट केलेल्या बाबांपुढे मी सवयीनं मिठाची डबी सरकवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सारली.