लाइट वाढवा

२०१७ सालच्या माघात, परंडा तालुक्यातल्या एका सबस्टेशनात फोन वाजला आणि दीपमालेनं तो कंटाळूनच उचलला.

"नाव दीपमाला, आन् लाइट काजव्यावानी! मोटार उचलंना की, मॅडम. जरा वाढवा."

बिभीषण होता, शेजारच्या गावचा बागायतदार. त्याचा हा रोजचा फोन. शेतीची थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, विजेचा दाब पडायचा, आणि लोक दीपमालेला धरायचे. जणू वीज तिच्याच चुलीवर शिजत होती. वीज कुठं लांब कोळशावर व्हायची, हंगामात कारखान्यात उसाच्या चिपाडावर व्हायची, आणि मोठ्या तारांनी इथवर यायची. दीपमालेच्या हातात फक्त चार मुठी होत्या. चार बाजूंना जाणाऱ्या चार लायनींच्या. चालू करायच्या, बंद करायच्या. वाढवायचं काही तिच्याकडं नव्हतंच. हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. आता ती नुसतं "वाढवते" म्हणायची आणि फोन ठेवायची.

घरीही तेच. सासू सीताबाई जुन्या वळणाची. दिवा विझला, विझव, असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, तसा दिवाही वाढवायचा. त्याच सकाळी दीपमाला डबा भरत होती, तेव्हा सासू म्हणाली, "दीपमाले, देवापुढचा बल्ब वाढव गं."

"बंद कर म्हणा की सरळ, आत्याबाई! तिकडं वाढवा, इकडं वाढव. डोकं उठलंय माझं."

सासू काठी टेकत गेली आणि तिनं स्वतःच बटण दाबलं.

दुपारी दीपमाला जेवायला बसली, तोच पुन्हा फोन. या खेपेला एका म्हातारीचा आवाज.

"लाइट वाढवा, बाई. लवकर वाढवा. आमचे मालक पान्यात हाईत."

"वाढवते, मावशी, वाढवते," म्हणून तिनं फोन ठेवला. नवरा उसाला पाणी देत असणार, मोटार ओढत नसणार. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

सवयीनं नजर समोर गेली. दाबाचा काटा जागेवर होता. निम्म्या मोटारी बंद झाल्या होत्या आणि दाब चांगला होता. मग ही बाई काय वाढवायला सांगत होती?

तुकडा हातातच राहिला. गाव कुठलं, लाइन कुठली, तिनं विचारलंच नव्हतं. आलेल्या नंबरावर फोन लावला; कुणी उचलेना. दीपमाला उष्ट्या हातानं उठली आणि तिनं चारही लायनी बंद केल्या.

मग फोन थांबेचना. शेवटी तालुक्याच्या साहेबांचा आला. "मॅडम, कुणाला विचारून बंद केलं सगळं?"

"एका म्हातारीनं सांगितलं, साहेब."

"काय सांगितलं?"

"लाइट वाढवा म्हणाली."

लेखी खुलासा द्या, म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

वायरमन धनाजी शोधत शोधत त्या रानात पोचला. तार तुटून भरल्या सरीत पडली होती. चहूकडं पाणी, आणि मधे भिजून ढासळणाऱ्या वरंब्यावर म्हातारा लिंबाजी खिळल्यासारखा उभा होता. जिवंत होता. फोन बांधावर टाकून त्याची बायको मथुराबाई त्याला ओरडत होती, "हलू नगा, हलू नगा."

दोन दिवसांनी दीपमाला तिला भेटायला गेली. चहा घेता घेता म्हणाली, "मावशी, सरळ 'बंद करा' म्हणायचं की. मी तर जेवायला बसले होते."

"माणूस तसा हुबा असताना?" मथुराबाईनं कानाच्या पाळीला हात लावला. "तसलं त्वांडातनं काढावं व्हय, बाई?"

साहेबांनी खुलासा मागितला होता. तो दिला, आणि पुढं ते बदलून गेले. धनाजीला नळदुर्गाकडं पाठवलं. बिभीषणानं सौर पंप बसवला. त्याचा फोन बंद झाला, तर दीपमालेला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सीताबाई आणखी दोन वर्षं होती. तोवर देवापुढचा बल्ब दीपमालाच वाढवत होती, न सांगता. मथुराबाई दर संक्रांतीला तिळगूळ पाठवायची, आणि फोनवर लिंबाजीच्या कुरबुरी सांगायची.

गेल्या पौषात संक्रांतीच्या आधीच तिचा फोन आला.

"बाई, दिवा विझला."

दीपमालेनं सवयीनं समोर पाहिलं. चारही लायनी चालू होत्या.